वर कळवलं होतं

9 फेब्रुवारी 2001, शुक्रवारची रात्र. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे 'पेन स्टेट'च्या, फुटबॉल इमारतीत माइक मॅक्वीरी हा सव्वीस वर्षांचा सहायक नवे बूट लॉकरमध्ये ठेवायला आला. एवढ्या रात्री तिथे कुणी असायचं कारण नव्हतं, पण शॉवर चालू होता. आत जेरी सँडस्की होता, त्याच संघाचा नावाजलेला, निवृत्त झालेला प्रशिक्षक, आणि त्याच्यासोबत दहाएक वर्षांचा एक मुलगा. आपण पाहिलं तो लैंगिक अत्याचारच होता, असं मॅक्वीरीनं पुढे शपथेवर सांगितलं. तो हादरला, बाहेर पडला आणि त्यानं वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या घरी गेला. पॅटर्नो यांनी रविवारी क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातलं. कर्ली यांच्याकडून ते उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांच्याकडे गेलं. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस या शुल्ट्झ यांच्याच अखत्यारीत होते. तिथून ते विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहॅम स्पॅनियर यांच्यापर्यंत पोहोचलं.

म्हणजे प्रत्येकानं वर कळवलं. शेवटी ठरलं ते इतकंच, की सँडस्कीनं यापुढे मुलांना विद्यापीठाच्या आवारात आणू नये आणि त्यानं मुलांसाठी काढलेल्या संस्थेला विद्यापीठानं ही बाब सांगावी. त्या मुलाचं नाव काय, तो कुठे राहतो, त्या रात्री तो घरी कसा गेला, हे शोधायला विद्यापीठातून कुणीही गेलं नाही. बालकल्याण विभागाला एक फोनही झाला नाही.

या प्रकरणाची गोष्ट सहसा फुटबॉलची म्हणून सांगितली जाते: एका महान प्रशिक्षकाचा ऱ्हास, एका संघाला झालेली शिक्षा, काढून घेतलेले आणि परत दिलेले विजय. मला ती 'वर कळवलं' या दोन शब्दांची गोष्ट वाटते. संस्थेतला माणूस हे शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनावरचं ओझं उतरतं, पण ज्याच्यासाठी तो बोलला ते मूल होतं तिथेच राहतं. मुलांच्या बाबतीत माहिती संस्थेच्या आत वर जाता कामा नये, ती संस्थेच्या बाहेर जायला हवी, आणि कायद्यानं हे काम वरिष्ठाकडे न सोपवता पाहणाऱ्यावरच टाकलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. पेन स्टेटच्या चौकशीनं हे जितकं स्वच्छ दाखवलं तितकं फार थोड्या प्रकरणांनी दाखवलं आहे.

ही चौकशी ग्रँड ज्युरीनं केली. नानावटी खटल्यामुळे ज्युरी हा शब्द मराठी वाचकाला परका नाही, पण ग्रँड ज्युरी म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी ज्युरी नव्हे. पेनसिल्व्हेनियात 23 सामान्य नागरिक निवडले जातात, ते बंद दाराआड बसतात, सरकारी वकील त्यांच्यापुढे साक्षीदार आणतात. समन्स आलं की यावंच लागतं. शपथेवर खोटं बोललं तर तो वेगळा गुन्हा. शेवटी हे नागरिक कुणावर खटला भरावा याची लेखी शिफारस करतात, खटला पुढे नेहमीच्या न्यायालयात चालतो.

विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचं नावच स्टेट कॉलेज. चाळीसेक हजार वस्तीचं गाव आणि त्यात लाखाहून जास्त माणसं बसतील असं स्टेडियम. सामन्याच्या शनिवारी गावाच्या दुपटीहून मोठी गर्दी एका जागी जमते. हॉटेलं, दुकानं, घरभाडी सगळी त्या संघावर चालतात. अशा गावात त्या संघाच्या माणसाविरुद्ध तोंड उघडायचं म्हणजे काय, हे 2000 सालच्या एका घटनेवरून कळतं. त्या इमारतीत साफसफाई करणाऱ्या एका कामगारानं सँडस्कीला एका मुलाबरोबर शॉवरमध्ये पाहिलं. त्यानं सोबत्यांना सांगितलं तेव्हा तो इतका थरथरत होता की त्याला काही होतंय की काय, अशी त्यांना भीती वाटली. तक्रार कुणीच केली नाही. नोकरी जाईल असं त्यांना वाटलं. त्यांच्यातल्या एकानं नंतर चौकशीत सांगितलं, की ते म्हणजे राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभं राहण्यासारखं झालं असतं. या कामगारांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. ज्यांना नोकरीची भीती नव्हती, ज्यांच्या हाताखाली पोलीस होते, त्यांचं काय ते आधी विचारू.

कारण 2001 ही पहिली वेळ नव्हती. 1998 मध्ये एका आईला आपल्या अकरा वर्षांच्या मुलाचे केस ओले दिसले. तिनं विचारलं, तो म्हणाला, सँडस्कीबरोबर शॉवर घेतला. तिनं विद्यापीठाच्या पोलिसांत तक्रार केली. मग पोलीस तिच्या घरात लपून बसले आणि सँडस्की तिच्याशी काय बोलतो ते त्यांनी ऐकलं. आपलं चुकलं, क्षमा मिळायला हवी होती पण ती मिळणार नाही हे ठाऊक आहे, मेलो असतो तर बरं, असं तो म्हणाला. एवढं होऊनही जिल्हा सरकारी वकिलानं खटला भरला नाही. वर बसलेल्यांना ही चौकशी झाल्याचं कळलं होतं. 1999 मध्ये सँडस्की निवृत्त झाला तो मानद दर्जा घेऊन. त्याला ऑफिस मिळालं, इमारतीच्या किल्ल्या मिळाल्या. 'सेकंड माइल' ही अडचणीतल्या घरांतल्या मुलांसाठीची संस्था त्यानं 1977 मध्ये काढली होती, आणि त्याला मुलं मिळत होती ती तिथून. वडील नसलेली, घरी लक्ष द्यायला कुणी नसलेली मुलं. सामन्याचं तिकीट, संघाचा टी-शर्ट, मोठ्या खेळाडूशी हस्तांदोलन. अशा मुलावर कोण विश्वास ठेवणार आणि कोण नाही, याचा अंदाज त्याला नेमका होता.

शेवटी दार उघडलं ते विद्यापीठाबाहेर. शेजारच्या क्लिंटन परगण्यातल्या एका साध्या सरकारी माध्यमिक शाळेत सँडस्की बिनपगारी प्रशिक्षक म्हणून जात असे. नोव्हेंबर 2008 मध्ये तिथल्या एका मुलाच्या आईनं तक्रार केली, गोष्ट परगण्याच्या बालसेवा विभागाकडे गेली, आणि 2009 मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयानं ती ग्रँड ज्युरीपुढे नेली. अब्जावधी डॉलरच्या विद्यापीठाला जो फोन लावता आला नाही तो या छोट्या गावातून लागला. मला या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे.

ग्रँड ज्युरीपुढे पॅटर्नो यांनी जानेवारी 2011 मध्ये साक्ष दिली. ती जेमतेम सात मिनिटांची. मॅक्वीरीनं आपल्याला लैंगिक स्वरूपाचं काहीतरी सांगितलं, हे त्यांनी मान्य केलं. त्याच शनिवारी लगेच पुढे का कळवलं नाही, तर लोकांच्या सुट्टीत व्यत्यय आणायचा नव्हता, असं ते म्हणाले. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल कोण जाणे. त्यात दुष्टपणा नाही, मुद्दाम केलेली लपवाछपवीही नाही. त्यात आहे ती संस्थेत साठ वर्षं काढलेल्या माणसाची सवय: प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते, एक पायरी असते, एक टेबल असतं.

आणि पॅटर्नो साधे गृहस्थ नव्हते. 1966 पासून मुख्य प्रशिक्षक, 409 विजय. खेळाडूंनी पदवी घेतलीच पाहिजे म्हणून हट्ट धरणारे, विद्यापीठाच्या ग्रंथालयाला स्वतःच्या खिशातून पैसे देणारे. त्यांचं नाव आजही त्या ग्रंथालयावर आहे. ते वाईट असते तर प्रकरण सोपं झालं असतं. चांगल्या माणसाचाच शब्द इतका जड होता, की त्यांनी एक फोन केला असता तर तो कुणी अडवू शकलं नसतं. 9 नोव्हेंबर 2011 च्या रात्री विश्वस्तांनी त्यांना फोनवरून काढून टाकलं. त्याच दिवशी स्पॅनियर यांचंही पद गेलं. हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्यांनी एका वाहिनीची गाडी उलथवली. दोनच दिवसांनी त्याच आवारात हजारो जण पीडितांसाठी मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, तेही सांगितलं पाहिजे. पुढे जानेवारी 2012 मध्ये पॅटर्नो गेले. आपण अधिक काहीतरी करायला हवं होतं, असं ते त्याआधी म्हणाले होते.

तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्यांनी जेवढं करायचं तेवढं केलं होतं. पेनसिल्व्हेनियाचा तो कायदा असा होता, की संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं आपल्या प्रमुखाला कळवावं. तिथे त्याचं कर्तव्य संपतं, पुढची जबाबदारी प्रमुखाची. म्हणूनच महाधिवक्त्यांनी पॅटर्नो यांच्यावर खटला भरला नाही. राज्य पोलिसांचे प्रमुख फ्रँक नूनन यांनी तेव्हा नैतिक जबाबदारीचा प्रश्न काढला. माझ्या मते प्रश्न काढणं बरोबर होतं, पण नीतीवर सोडून भागणार नव्हतं. ज्या कायद्यात 'वर कळवलं' एवढं पुरेसं ठरतं, तो कायदाच माणसाला गप्प बसायची मोकळीक देतो. पुढे तो बदलला. 2014 च्या अखेरीपासून तिथे ज्याला संशय आला त्यानंच थेट राज्याच्या बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचं, आणि मग आपल्या प्रमुखाला. क्रम उलटा केला, एवढाच तो बदल, पण माझ्या लेखी या प्रकरणातून निघालेला सगळ्यात मोठा न्याय तोच.

ग्रँड ज्युरीबद्दल मात्र मला आंधळी भक्ती नाही. ही पद्धत एकतर्फी आहे, आरोपीच्या वकिलाला तिथे साक्षीदारांची उलटतपासणी घेता येत नाही. ती मंद असते: 2009 मध्ये सुरू झालेल्या कामात अटक झाली 5 नोव्हेंबर 2011 ला, आणि सँडस्कीच्या घराची झडती घ्यायला जून 2011 उजाडला. नंतर राज्यानंच नेमलेल्या मोल्टन यांच्या अहवालानं हा उशीर राजकीय हेतूनं झाल्याचं म्हटलं नाही, पण त्याचं समाधानकारक कारणही त्यांना सापडलं नाही. पहिल्या लेखी शिफारशीत 2001 ची घटना 2002 मधली म्हणून नोंदली गेली होती. गुप्तताही पूर्ण राहिली नाही. हॅरिसबर्गच्या 'पेट्रियट-न्यूज'मधल्या सारा गॅनिम या तरुण पत्रकारानं मार्च 2011 मध्येच चौकशी चालू असल्याची बातमी दिली होती. सात महिने देशानं तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं.

सगळ्यात मोठी चूक आणखी वेगळी. कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर साक्षीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर विद्यापीठाच्या वकील सिंथिया बाल्डविन आत बसल्या होत्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या त्या माजी न्यायाधीश. आपण कुणाच्या वकील, या तिघांच्या की विद्यापीठाच्या, हे त्यांनी या तिघांना स्वच्छ सांगितलं नाही, आणि पुढे स्वतःच या तिघांविरुद्ध ग्रँड ज्युरीपुढे बोलल्या. परिणाम असा झाला, की 2016 मध्ये अपिलाच्या न्यायालयानं खोटी साक्ष, न्यायात अडथळा, कटकारस्थान हे मोठे आरोप रद्द केले. शेवटी कर्ली आणि शुल्ट्झ यांनी मुलांना धोक्यात घातल्याचा किरकोळ दर्जाचा गुन्हा कबूल केला, स्पॅनियर यांना त्याच गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं गेलं. आपल्याला फक्त दंगामस्ती झाल्याचं सांगितलं होतं, असं स्पॅनियर शेवटपर्यंत म्हणत राहिले. अपिलं करत करत ते तुरुंगात गेले 2021 मध्ये, दोन महिन्यांसाठी.

याचा अर्थ नीट पाहा. बाहेरच्या चौकशीचं सगळं बळ ती बाहेरची असण्यात होतं. त्या बंद खोलीतही विद्यापीठ वकिलाच्या रूपानं शिरलं, आणि जिथे शिरलं तिथेच ती चौकशी ढासळली. म्हणून ग्रँड ज्युरी रद्द करा, असं मी म्हणणार नाही. याच राज्यात 2018 मध्ये दुसऱ्या एका ग्रँड ज्युरीनं कॅथलिक चर्चच्या सहा धर्मप्रांतांची दप्तरं उघडायला लावली आणि 300 हून जास्त पाद्रींची नावं समोर आली. कुठलीही अंतर्गत समिती हे करू शकली नसती. समन्स, शपथ आणि संस्थेशी काडीचाही संबंध नसलेले 23 लोक: या तिन्हींना पर्याय मला अजून दिसलेला नाही.

सँडस्कीला जून 2012 मध्ये 48 पैकी 45 आरोपांत दोषी ठरवलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये 30 ते 60 वर्षांची शिक्षा झाली. मला राग येतो तो त्यानंतरच्या चर्चेचा. जुलै 2012 मध्ये महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिनं विद्यापीठाला 6 कोटी डॉलर दंड केला, शिष्यवृत्त्या कापल्या, आणि 1998 ते 2011 मधले 112 विजय नोंदीतून पुसले. पॅटर्नो यांचा पुतळा हलवला गेला. मग पुढची अडीच वर्षं त्या विजयांवरून भांडण. खटले, निवेदनं, विधिमंडळात खडाजंगी. जानेवारी 2015 मध्ये विजय परत मिळाले आणि पुन्हा 409 झाले. दंडाचे पैसे मुलांच्या संरक्षणासाठी ठेवले हे चांगलं झालं. पण झालेला सामना न झाल्यासारखा लिहून कुठल्या मुलाचं काय भलं झालं? ज्या खेळाडूंनी 2012 मध्ये शिक्षा भोगली ते 2001 मध्ये प्राथमिक शाळेत होते. त्यांच्याच वयाची मुलं त्या शॉवरमध्ये होती.

इथपर्यंतची गोष्ट अमेरिकेची. पण हे लिहिताना मला राजुरा आणि बदलापूर आठवत राहतात.

आपला पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला, सँडस्कीला शिक्षा झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात. त्याचं कलम 19 या बाबतीत स्वच्छ आहे. ज्या कुणाला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. मुख्याध्यापकांना कळवा, विश्वस्तांना कळवा, असं त्यात कुठेही नाही. न कळवलं तर कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सांगितलं. म्हणजे कागदावर आपण पेनसिल्व्हेनियाच्या दोन वर्षं पुढे होतो.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींबाबत काय झालं ते आपल्यासमोर आहे. शाळेनं पोलिसांना कळवलं नाही, पालकांना एफआयआरसाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, आणि लोक रेल्वे रुळांवर उतरल्यावर यंत्रणा हलली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, विश्वस्तांवर गुन्हा दाखल झाला. पण सप्टेंबरमध्ये आरोपीच पोलिसांच्या गोळीनं मेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. त्या मृत्यूबरोबर एक महत्त्वाची साक्ष गेली. कुणी काय पाहिलं होतं, कुणाला सांगितलं होतं, कोण गप्प बसलं, हे भर न्यायालयात शपथेवर निघण्याची मोठी संधी गेली. पेन स्टेटमध्ये सँडस्कीला कुणी गोळी घातली असती तर कर्ली, शुल्ट्झ, स्पॅनियर आणि 1998 ची ती फाइल हे सगळं त्याच्याबरोबर पुरलं गेलं असतं. गप्प बसणाऱ्यांना आरोपीचा मृत्यू फार सोयीचा असतो.

मला हे इतकं लागतं याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत शिकवत होते. सहावीतल्या एका मुलाच्या पाठीवर आणि दंडावर वळ दिसले. खेळाच्या सरांनी सराव चुकला म्हणून मारलं होतं, असं तो खाली बघत म्हणाला. मी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले, सगळं सांगितलं. त्यांनी "मी बघतो बाई" म्हटलं. बाहेर आले तेव्हा मला खरोखर हलकं वाटलं, आपण आपलं काम केलं असं वाटलं. त्यानंतर काय झालं ते मी विचारलं नाही. वर्षाअखेरीस त्या मुलाच्या वडिलांनी दाखला काढून नेला. सर पुढेही संघ घेऊन जिल्हा स्पर्धांना जात होते. गुन्ह्यांची तुलना मी करत नाही. तुलना करते ती त्या हलकं वाटण्याची. मॅक्वीरीला ते वाटलं असेल का मला ठाऊक नाही, पण पॅटर्नो यांना ते वाटलं असणार, याची मला पक्की खात्री आहे.

म्हणून आता माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रात प्रत्येक शाळेच्या मैदानावर, क्रीडा प्रबोधिनीच्या वसतिगृहात, कबड्डी-कुस्तीच्या निवासी शिबिरांत आणि खासगी अकादम्यांत मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक पाटी लावा. तिच्यावर प्रशिक्षकाचा किंवा मुख्याध्यापकांचा नंबर नको. 1098 आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर हवा. ज्या अर्जावर पालकांची सही घेता त्याच अर्जाला एक कागद जोडा आणि त्यावर प्रत्येक प्रशिक्षकाची, शिपायाची, स्वयंपाकिणीची सही घ्या: मला संशय आला तर मी आधी पोलिसांना कळवीन, नंतर तुम्हाला. आणि असा फोन केला म्हणून ज्याची नोकरी जाईल त्याला ती परत मिळवून द्यायची जबाबदारी क्रीडा खात्यानं आधीच लेखी घ्यावी. 2000 साली तो सफाई कामगार थरथरत उभा होता तेव्हा त्याला हवं होतं ते एवढंच होतं.